मर्जीवरची शांतता

वर्धा, रविवार

प्रिय भाचीबाई,


म्युन्स्टरहून पाठवलेले फोटो पोचले. लांबेर्टी चर्चच्या मनोऱ्यावर टांगलेले ते तीन लोखंडी पिंजरे पाहून तू विचारलंस, ‘देवाच्या नावानं माणसं इतकी कशी पेटली? आणि आपण यातून कसे सुटलो?’ फोनवर याचं उत्तर देता आलं नसतं. शाळेत हा सगळा काळ दोन तासिकांत उरकावा लागायचा. आज रविवार आहे, बाहेर पावसाची झड लागली आहे, तेव्हा सवडीनं लिहितो.

आधी प्रश्नाच्या दुसऱ्या भागाबद्दल. आपण सुटलो नव्हतो. युरोपातलं ते भांडण मराठी बोलणाऱ्या किनाऱ्यावर उतरलं होतं आणि त्याच्या खुणा अजून गोव्यात उभ्या आहेत. पण तिथं पोचण्याआधी तुझ्या गावातून निघू.

त्या पिंजऱ्यांत १५३६ मध्ये ॲनाबाप्टिस्ट पंथाच्या तीन पुढाऱ्यांची प्रेतं टांगली होती. या पंथानं म्युन्स्टर शहर ताब्यात घेतलं आणि आपल्या श्रद्धेचं राज्य चालवलं. न मानणाऱ्यांना तिथं जागा नव्हती. वेढा घालून बिशपनं शहर परत जिंकलं आणि पुढाऱ्यांना हाल हाल करून मारलं. सत्य एकच, ते आमच्याजवळ आहे आणि ते सगळ्यांवर लादायला तलवार चालते, याबद्दल दोन्ही बाजूंचं एकमत होतं. पुढची शंभर वर्षं याच एकमतानं माणसं मेली.

१५५५ मध्ये आउग्सबुर्गला तह झाला. ज्याचं राज्य, त्याचा धर्म. राजा कॅथलिक तर प्रजा कॅथलिक, राजा ल्यूथरचा अनुयायी तर प्रजाही तशीच. ज्याला पटत नसेल त्यानं घरदार विकून दुसऱ्या राज्यात जावं. कॅल्व्हिनच्या अनुयायांना तर यात मोजलंच नव्हतं. माणसाची श्रद्धा अशी सरळ राजाच्या मर्जीवर ठेवली. फ्रान्समध्ये १५७२ च्या ऑगस्टमध्ये राजघराण्यातल्या लग्नासाठी पॅरिसला जमलेल्या प्रोटेस्टंट सरदारांची कत्तल झाली आणि नंतर ती गावोगाव पसरली. १५९८ मध्ये चौथ्या हेन्रीनं नांतचं फर्मान काढून प्रोटेस्टंटांना आपापल्या रीतीनं भजनपूजन करायची मुभा दिली. फर्मानात ते कायमचं आणि अपरिवर्तनीय असल्याचं लिहिलं होतं. त्याच्याच नातवानं, चौदाव्या लुईनं, १६८५ मध्ये ते रद्द केलं. दीड-दोन लाख माणसं देश सोडून गेली. दिलेलं परत घेता येतं, हे त्या लोकांना तेव्हा कळलं.

आता आपल्या किनाऱ्यावर ये. इंग्लंडच्या विल्टशर भागातला थॉमस स्टीफन्स हा तरुण कॅथलिक होता. राणी एलिझाबेथच्या राज्यात तसं असणं धोक्याचं झालं होतं, कारण १५७० मध्ये पोपनं राणीला धर्मबहिष्कृत केलं आणि तेव्हापासून प्रत्येक कॅथलिक फितूर असल्याचा संशय सुरू झाला. स्टीफन्सचा मित्र थॉमस पाउंड पकडला गेला आणि त्याच्या आयुष्याची कितीतरी वर्षं तुरुंगात गेली. स्टीफन्स निसटून रोमला पोचला आणि १५७५ मध्ये जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात दाखल झाला. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघून तो ऑक्टोबरमध्ये गोव्यात उतरला. त्यानं वडिलांना लिहिलेलं प्रवासाचं पत्र पुढं इंग्लंडमध्ये छापलं गेलं. स्वतः मात्र तो परत गेला नाही. १६१९ मध्ये गोव्यातच वारला.

जाचातून पळालेला हा माणूस जिथं आला, तिथं त्याच्याच धर्माच्या पोर्तुगीज सत्तेचा जाच चालू होता. गोव्यात १५६० मध्ये धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झालं होतं. धर्मांतरित माणूस घरात जुने सण, जुने संस्कार पाळतो का, यावर त्याची नजर असे. गोव्याच्या साष्टी भागातली देवळं १५६७ च्या सुमारास पाडली गेली. लोकांनी रातोरात देव उचलले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. आज आपण गोव्याला गेलो की ज्या देवळांत ओटी भरतो, ती निर्वासित देवांची घरं आहेत. आणि त्या देवांना आसरा मिळालेला फोंड्याचा मुलूख त्या वेळी विजापूरच्या आदिलशहाचा होता, हे विसरू नकोस. मुसलमान सुलतानाच्या राज्यात हिंदू देव सुरक्षित झाले. तरी तोही एका दरबाराचा आसराच होता, रयतेच्या हातातला हक्क नव्हता.

जुलै १५८३ मध्ये साष्टीतल्याच कुंकळ्ळी गावात भडका उडाला. देवळं पाडल्याचा संताप गावात साठलेला होता. चर्चसाठी जागा पाहायला आलेल्या जेझुइटांवर गावकऱ्यांनी हल्ला केला आणि पाच जेझुइट मारले गेले. त्यांत रुडॉल्फ अक्वाविवा होता. हा तोच, जो १५८० मध्ये अकबराच्या फतेहपूर सिक्रीत जाऊन मौलवी-पंडितांशी वाद करून आला होता. नंतर पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या प्रमुखांना बोलणी करायला असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथं त्यांना ठार केलं. पॅरिसला लग्नाचं निमंत्रण, असोळण्याला बोलण्यांचं. अकरा वर्षांच्या अंतरानं दोन्हीकडे पाहुण्याचा विश्वास मोडला गेला. कुंकळ्ळीत आज त्या प्रमुखांचं स्मारक आहे. जेझुइटांच्या मृत्यूचंही दुःख मला होतं आणि त्या प्रमुखांच्या मृत्यूचंही. एकाचं दुःख करण्यासाठी दुसऱ्याचं पुसावं लागत नाही.

१५८३ च्याच अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे दोन सोबती, असे चार इंग्रज होर्मुझला पकडून गोव्याच्या तुरुंगात आणले. हेर आणि पाखंडी असल्याचा त्यांच्यावर संशय. ज्या राणीच्या राज्यात स्टीफन्सच्या पंथाचे लोक तुरुंगात होते, तिची ही प्रजा. एडमंड कॅम्पियन या इंग्रज जेझुइटाला लंडनमध्ये फाशी देऊन दोनच वर्षं झाली होती. स्टीफन्सनं सूड घेतला असता तर कोणाला नवल वाटलं नसतं. त्यानं या चौघांसाठी रदबदली केली. आर्चबिशपच्या कचेरीत काम करणाऱ्या यान हायगेन फान लिन्स्खोटेन या डच तरुणानंही खटपट केली. जामिनावर ते सुटले आणि पुढच्या एप्रिलमध्ये फिच गोव्यातून निसटला.

मला हा प्रसंग फार मोठा वाटतो. आपल्या माणसांचा छळ करणाऱ्यांच्या माणसाला सोडवायला जाणं सोपं नसतं. पण त्याच गोव्यात, त्याच वर्षी, कुंकळ्ळीच्या लोकांसाठी असं कोणी उभं राहिलं नाही. चांगुलपणा ओळखीच्या भाषेपर्यंत पोचला आणि तिथं थांबला. म्हणून एकट्या चांगुलपणावर समाज सोडून देता येत नाही.

स्टीफन्सचं दुसरं काम तुला ठाऊक असेल. त्यानं आपली भाषा इतकी आत्मसात केली की बायबलची कथा सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत लिहिली. ते ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला रोमन लिपीत छापलं गेलं. मराठीची त्यानं केलेली स्तुती आपण मुलांना पाठ करायला लावतो. करायला हवीच. पण सोबत हेही सांगायला हवं की ते पुराण ऐकणाऱ्यांच्या उशाशी धर्मन्यायालय बसलं होतं. स्टीफन्स गोव्यात असतानाच, १५८४ मध्ये, पैठणला एकनाथ ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार करत होते. त्यांच्या हिंदू-तुर्क संवादात दोघं एकमेकांच्या देवाधर्मावर कडाडून तुटून पडतात आणि शेवटी एकमेकांना भेटतात. भांडणाला तिथं पूर्ण मोकळीक आहे, फक्त कोणाच्या पाठीशी फौज नाही. नाथांचा दोघांवर किती विश्वास असेल!

तुझ्या गावाकडे परत येतो. १६१८ ला प्राग शहरात सुरू झालेलं युद्ध तीस वर्षं चाललं. १६३१ मध्ये माग्डेबुर्ग हे एक शहर पडलं तेव्हा वीस हजारांच्या आसपास माणसं मेली. अखेर १६४८ मध्ये म्युन्स्टर आणि ओस्नाब्र्युक या दोन गावांत तह झाला. तू म्युन्स्टरच्या शांतिदालनात जाऊन आलीस, पण तहातल्या एका कलमाकडे तुझं लक्ष वेधतो. १६२४ हे वर्ष प्रमाण मानलं गेलं. त्या वर्षी जिथं जो पंथ जसा चालत होता, तसा त्याला चालू द्यायचा. यापुढं राजानं धर्म बदलला तरी प्रजेनं त्याच्यामागं जायला नको. ऑस्ट्रियाच्या राजघराण्याच्या मुलखाला याचा फारसा उपयोग झाला नाही, आणि ज्यू तर या हिशेबाच्या बाहेरच राहिले. तरीही एक पाऊल पडलं. श्रद्धा राजाच्या मर्जीतून निघून लिखित नियमाच्या आधाराला आली. खरा देव कोणाचा, हे तिथं कोणी ठरवलं नाही. ते न ठरवता शेजारी राहायचं ठरलं.

हेच मला तुला सांगायचं होतं. वेगळ्या श्रद्धेच्या माणसाची सुरक्षितता कोणाच्या उदारपणावर ठेवली, की ती त्या उदार माणसाच्या आयुष्याइतकीच टिकते.

आपल्या वर्ध्यातच बघ. जुलै १९२८ मध्ये जमनालाल बजाजांनी लक्ष्मीनारायणाचं मंदिर अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडलं. कर्मठांचा रोष पत्करून केलेलं ते काम होतं आणि आपल्या गावाला त्याचा अभिमान वाटायलाच हवा. पण दोनच वर्षांनी नाशिकला काळाराम मंदिरासमोर बाबासाहेबांचे सत्याग्रही उभे राहिले, तेव्हा दार उघडलं नाही. सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला. एका गावात मालकाचं मन मोठं होतं, दुसऱ्या गावात नव्हतं. माणसाचं माणूसपण अशा योगायोगावर सोडायचं का? बाबासाहेबांचा प्रश्न हाच होता आणि त्याचं उत्तर १९५० मध्ये राज्यघटनेत आलं. सतराव्या कलमानं अस्पृश्यता संपवली, पंचविसाव्यानं प्रत्येकाला आपल्या सदसद्विवेकाप्रमाणं धर्म पाळायचं स्वातंत्र्य दिलं. तिथं कोणी कोणावर उपकार केलेला नाही.

तरी कागद एकटा पुरत नाही, हेही मी वर्ध्यातच शिकलो. सेवाग्रामच्या प्रार्थनेत गीतेसोबत कुराणातल्या आयता आणि बौद्ध मंत्र म्हटले जात. पवनारच्या विनोबांनी मूळ कुराण वाचायला अरबी शिकून ‘कुराणसार’ केलं, ‘ख्रिस्तधर्मसार’ही केलं. मगनवाडीत ग्रामोद्योगांचं काम उभं करणारे जे. सी. कुमारप्पा श्रद्धावान ख्रिस्ती होते. ज्या साम्राज्याचा राजा स्वतः चर्चचा प्रमुख, त्याच्याच तुरुंगात बसून त्यांनी येशूच्या शिकवणीवर पुस्तक लिहिलं. आणि २०२० च्या धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. स्टीफन्सच्या ओव्यांच्या पाठीशी सत्ता होती. फादरांच्या मराठीच्या पाठीशी फक्त वाचकांचं प्रेम होतं. हा फरक घडायला चारशे वर्षं लागली.

तू परदेशात आहेस. तिथं तू थोड्यांतली एक आहेस, इथं बहुतेकांतली एक होतीस. दोन्हीकडून जग पाहायची संधी फार थोड्यांना मिळते. तिथं तुझ्यासाठी जो हक्क तुला रास्त वाटतो, तोच इथल्या आपल्या शेजाऱ्यासाठी माग, आणि घरातल्या माणसांसमोर मागताना आवाज खाली आणू नकोस. माझ्यासमोरसुद्धा.

मामीचे आशीर्वाद. ओस्नाब्र्युकला गेलीस तर तिथल्या तहाच्या दालनाविषयीही सविस्तर लिही.

तुझा,
मामा