सी ड्राइव्ह लाल होतो तेव्हा

कशेळीच्या गोदामात मी डिस्पॅच बघतो. राज्याबाहेर जाणाऱ्या पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं. ते निघाल्याशिवाय गाडी सोडता येत नाही, आणि ठाण्यात अवजड गाड्यांना ठरावीक वेळेतच प्रवेश असतो. वेळ चुकली की ड्रायव्हरचा दिवस फुकट जातो.

माल भरून गाडी उभी होती आणि बिलाची पीडीएफ सेव्ह होईना. सी ड्राइव्हची पट्टी लालभडक. दहा टक्क्यांहून कमी जागा उरली की विंडोज ती लाल करतं. शेठ म्हणाले, "जुनी बिलं, बिल्ट्या उडव." मला ते पटेना. एकेक पीडीएफ काही केबींची, ती उडवून जागा कितीशी होणार? शिवाय पार्टीने वर्षाने हिशेब मागितला, तर दाखवणार काय?

मी फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन लपवलेल्या फाइल्स दिसू दिल्या. यूजरच्या फोल्डरात ॲपडेटा फिकट रंगात उमटला. त्यातल्या लोकलमध्ये टेम्प आणि ब्राउझरचा कॅश, दोघांनी मिळून कितीतरी जीबी अडवून ठेवले होते. रोज उघडणाऱ्या साइटची चित्रं, पानं ब्राउझर इथे साठवतो, म्हणजे पुन्हा उतरवायला नकोत. ती पुसली तरी मूळ साइटवर असतातच. फार तर पहिल्यांदा पान हळू उघडतं. माझी कसोटी तीच: मूळ दुसरीकडे आहे का? बिल्टीच्या स्कॅनची दुसरी प्रत आमच्याकडे नव्हती.

ब्राउझरमधून फक्त साठवलेली चित्रं आणि फाइल्स पुसल्या. कुकीजची खूण काढली, नाहीतर सगळीकडे पुन्हा लॉगिन करावं लागलं असतं. टेम्पमधल्या काही फाइल्स वापरात होत्या, त्या सोडून दिल्या. मग डिस्क क्लीनअपमधून विंडोज अपडेटचा जुना पसारा काढला. विंडोज १०च्या काही आवृत्त्यांत त्याच यादीत डाउनलोड्सही येतं. तिथली खूण आधी तपासावी. आमची सगळी बिलं तिथेच पडतात.

शेजारच्या गाळ्यातला नवा पोरगा मागे उभा राहून बघत होता. "दादा, ॲपडेटा अख्खाच उडवू का?" मी त्याला लगेच थांबवलं. ब्राउझरचे बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्डही त्याच फोल्डरात असतात. मग त्याच्याच मशीनवर बसून दोघांनी एकेक फोल्डर उघडून पाहिला. आमचं बिल तोवर प्रिंटरमधून बाहेर आलं होतं.