निवडटिपण

(द्वितीय वर्ष, कला)

आमचे घर शिरगावला. सोमाटणे फाट्यावरून आत वळले की आमचे गाव लागते. बाहेरची माणसे त्याला ‘प्रतिशिर्डी’ म्हणून ओळखतात, कारण इथल्या साईमंदिरात दर गुरुवारी दर्शनाला रीघ लागते. साऱ्या जगाचा आठवडा सोमवारी सुरू होतो, आमचा गुरुवारी. त्या दिवशीच्या गर्दीवर माझ्या आईची चहाची टपरी चालते आणि टपरीवर माझे कॉलेज.

गर्दी म्हटली की मागे काहीतरी उरायचेच. पाण्याच्या बाटल्या, वेफरच्या पुड्या, पिशव्या, नारळाच्या शेंड्या, केळीच्या साली. रात्री टपरी आवरली की आई पोती घेऊन बसते. बाटलीचे आधी बूच काढायचे, मग गळ्यातले कडे, मग वरचे वेष्टन. उरलेले पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतायचे आणि बाटली पायाने चेपायची. हिरवी बाटली पांढऱ्या पोत्यात चुकूनही जाता कामा नये. निवडलेल्या मालाला भंगारवाला चार पैसे जास्त देतो, एवढे साधे त्यामागचे गणित. मला मात्र त्या चेपण्याच्या आवाजाची चीड यायची. कोणी ऐकेल, कोणी बघेल, असे सारखे वाटायचे.

गेल्या वर्षी पर्यावरण विषयाच्या प्रकल्पासाठी मी विषय निवडला, ‘टाकाऊतून वस्त्र’. विषय भारदस्त होता आणि माहितीही भरपूर मिळाली. इटलीत १९३०च्या दशकात अंतोनियो फेरेत्ती नावाच्या गृहस्थाने दुधातल्या केसीनपासून लोकरीसारखा धागा काढला. त्याला ‘लानिताल’ म्हणत. ओला झाला की तो दुबळा पडे, आणि पुढे नायलॉनसारख्या धाग्यांपुढे तो टिकला नाही. त्याच इटलीत सिसिली बेटावर संत्र्या-लिंबांचा रस काढून उरलेल्या चोथ्यातून आता मऊ कापड होते. आपल्याकडे जळगावच्या केळीचे खोड आहेच. केळ एकदाच व्यायते, घड उतरला की खोड तोडावेच लागते. त्या खोडाची सोपटे यंत्रात खरवडली की चमकदार दोरे निघतात. आमच्या आजीला मी हे मोठ्या उत्साहाने सांगितले, तर ती म्हणाली, “त्यात नवल ते काय? आम्ही सोपटानंच हार बांधायचो.”

प्रकल्पाच्या मुखपृष्ठावर मी पंतप्रधानांचे छायाचित्र चिकटवले. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते बाटल्यांपासून केलेल्या कापडाचे निळे जाकीट घालून संसदेत गेले होते. खाली सुवाच्य अक्षरात लिहिले, ‘बाटलीचे भाग्य उजळले!’ आणि आमच्या दारातल्या दोन पोत्यांचा त्या चित्राशी काही संबंध आहे, हे माझ्या डोक्यातही आले नाही.

त्याच महिन्यातला एक गुरुवार. वर्गातल्या तिघीजणी न सांगता दर्शनाला आल्या आणि मला शोधत टपरीपाशी पोचल्या. आई मागच्या बाजूला पोत्याशी बसली होती. हाताला चिकटा, पदर खोचलेला. एकीने हळूच विचारले, “त्या कोण गं?” माझ्या तोंडून निघून गेले, “टपरीवरच्या बाई आहेत.”

आईने ऐकले. ती उठली, हात धुतले, चार ग्लास चहा ओतला. तिघींना दिला आणि चौथा ग्लास माझ्यापुढे धरून म्हणाली, “घ्या ताई.”

वाचकहो, माझ्या आईने मला आयुष्यात कधी ‘अहो-जाहो’ केले नव्हते. तो चहा मी कसा प्यायले, मला आठवत नाही. रात्री ती एक शब्दही बोलली नाही. नेहमीसारखी पोती घेऊन बसली आणि मी अभ्यासाचे सोंग घेऊन बसले.

पुढे पंधरा दिवसांनी प्रकल्पासाठीच पुण्यात एका प्रदर्शनाला गेले. पुण्यात ‘रिचरखा’ आणि ‘इकोकारी’ या दोन संस्था टाकून दिलेल्या पिशव्या आणि पुड्यांपासून हातमागावर कापड विणतात, हे वाचले होते. तशाच कापडाच्या वस्तू त्या प्रदर्शनात होत्या आणि एक बाई चरखा घेऊन प्रात्यक्षिक दाखवत होत्या. पिशवी धुवायची, वाळवायची, कात्रीने लांब पट्ट्या कापायच्या, त्या चरख्यावर गुंडाळायच्या. मागावर उभा ताणा नेहमीच्या धाग्याचा आणि आडवा बाणा या पट्टीचा. चिवड्याच्या पुडीची लाल कड कापडात अशी काही उतरली होती की पैठणीच्या काठाने मान वळवून पाहावे! अर्थात हे कापड अंगात घालायचे नव्हे. त्याच्या पिशव्या, पाकिटे, बटवे होतात. अंगात घालायचा धागा बाटलीतून निघतो.

मी वही उघडून विचारले, “यात सगळ्यांत अवघड काय?” मला वाटले, त्या विणकामाचे नाव घेतील. त्या म्हणाल्या, “निवडणं. विणणं काय, हात बसला की येतं. पण एक तेलकट पुडी आत गेली की सगळं कापड वास मारतं. घरात तांदूळ निवडतो ना, तसं बसावं लागतं.”

मी वही मिटली. परतीच्या लोकलमध्ये प्रकल्पातले एकेक पान डोळ्यांपुढे येऊ लागले. बाटलीचे तुकडे करून, धुऊन, अडीचशे अंशांहून अधिक उष्णतेवर वितळवतात आणि शेवया पाडाव्यात तसा तो रस बारीक छिद्रांतून सोडून धागा काढतात. बूच वेगळ्या जातीच्या प्लॅस्टिकचे असते, ते मिसळले तर धागा तुटतो. हिरवी बाटली मिसळली तर पांढरा धागा डागाळतो. म्हणजे आई रात्री जे करत होती ते त्या कारखान्याचे पहिले काम होते! सिसिलीचा चोथा कापड होतो, कारण तो एकजातीचा असतो. आमच्या टपरीच्या बादलीतल्या, साखर, चहापूड, पाव आणि कागद एकत्र झालेल्या लगद्याचे कापड कोणी करू शकणार नाही. टाकलेल्या वस्तूचे वस्त्र यंत्र नंतर करते, आधी कोणीतरी मांडी घालून ते निवडावे लागते. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, ती अशाच निवडणाऱ्या हातांची. माझ्या चाळीस पानी प्रकल्पात त्या हातांना एक ओळही नव्हती.

घरी आले तेव्हा आजी गोधडी शिवत होती. जुन्या लुगड्यांचे थर, त्यावर धावदोरा. बाजूला आजोबांचा जुना टेरिलिनचा सदरा पडला होता. मी म्हटले, “आजी, हा का नाही घातलास?” ती म्हणाली, “तो घाम पीत नाही. गोधडीत नको.” त्या सदऱ्याकडे मी पाहतच राहिले. १९४१ मध्ये विनफिल्ड आणि डिक्सन या ब्रिटिश संशोधकांनी शोधलेला हा टेरिलिनचा धागा आणि पाण्याची बाटली, दोन्ही एकाच द्रव्याची भावंडे. आजीला रसायन ठाऊक नाही, पण कोणते कापड कुठे घालावे हे पक्के ठाऊक आहे. बाटलीचा सदरा धुताना त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात आणि तो सुताशी मिसळून विणला की पुन्हा वेगळा करणे फार कठीण जाते. तेव्हा बाटलीचा सदरा झाला म्हणून बाटल्या खुशाल फेकाव्यात, असा अर्थ काढू नये. आजीच्या घरात कापड आधी फाटेपर्यंत वापरतात, मग गोधडीत जाते, मग पोतेऱ्यात.

त्या रात्री मी आईशेजारी जाऊन बसले. माफी मागायची असे ठरवले होते, पण शब्द फुटेना. तिने माझ्याकडे पाहिले आणि एक बाटली पुढे सरकवली. “कडं नीट काढ. नखानं नको, सुरी घे.” ‘काढा’ नव्हे, ‘काढ’. माझे डोळे भरून आले ते तिने पाहिले की नाही, कोण जाणे.

प्रकल्पाला गुण चांगले मिळाले. पण मुखपृष्ठावरची ती ओळ अजून सलते. म्हणून हा लेख. त्या दिवशी आलेल्या माझ्या तिन्ही मैत्रिणी हा अंक वाचतील, हे मला ठाऊक आहे. मैत्रिणींनो, तुम्हांला चहा देणाऱ्या त्या बाई माझी आई. पुढच्या गुरुवारी या. चहा झाल्यावर थोडे थांबा, पोती दोन आहेत आणि हात कमी पडतात.

हे सारे मी छापायला देणार, असे आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “दे की. पण लिहायच्या आधी हात धू, कागद चिकट होईल.”