जेवलास का?

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. विज्ञानाबद्दल मला नितांत आदर आहे. ओळख मात्र नाही. त्यामुळे सांगलीहून आईनं केलेला फोन साताऱ्यात माझ्या कानापर्यंत कसा पोचतो, याचा विचार करण्याची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. ती भाच्यानं आणली. हा भाचा सांगलीच्या वालचंद कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकतो, आणि सुटीत माझ्याकडे येऊन तेच मला शिकवतो.

रेडिओचं बरं होतं. आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ सालचं. आमच्या लहानपणी काटा १२५१ किलोहर्ट्झवर आणला की काम झालं. काटा जरा इकडेतिकडे राहिला, तरी खरखरीतून शब्द कळायचे. उरलेलं कान सांभाळून घेत.

"पण मामा, मोबाइलमध्ये आकडे येतात. नुसते शून्य नि एक. त्यातला पहिला कुठला, हे कळायला नको?"

हे मला चटकन पटलं. आमच्याकडे पासबुक छापताना ते यंत्रात जरा तिरकं गेलं, की तारीख नावावर चढते आणि शिल्लक रेघेवर बसते. आकडे सगळे बरोबर, खातेदार मात्र कपाळाला हात लावून उभा! मोबाइलचंही तसंच. प्रत्येक आकडा त्यानं ऐन मध्यावर टिपायचा. सांध्यावर टिपला, तर शून्य की एक, सांगणार कोण? त्यात दोन्हीकडची घड्याळं वेगळी. १० लाखांत एकाचा फरक म्हणजे साडेअकरा दिवसांत एक सेकंद. आमच्या शाखेतल्या भिंतीवरच्या घड्याळाला हे जमलं, तर आम्ही त्याला हार घालू. पण सेकंदाला १० लाख आकडे येत असतील, तर तेवढ्या फरकानंही दर सेकंदाला एक आकडा सरकतो. म्हणून मोबाइल आपलं घड्याळ सारखं टॉवरच्या घड्याळाशी जुळवत राहतो. टॉवर आपलं बदलत नाही. साहेब तो साहेबच.

आणि सुरुवात कळावी म्हणून संदेशाच्या आधी, दोघांनाही पाठ असलेलं काहीतरी पाठवतात. बार्कर नावाच्या संशोधकाच्या नावानं ओळखली जाणारी अशी १३ खुणांची माळ आहे: पाच अधिक, दोन उणे, दोन अधिक, मग उणे, अधिक, उणे, अधिक. आलेल्या माळेवर आपली माळ ठेवायची, घराघराचा गुणाकार करायचा, बेरीज घ्यायची. नेमकी बसली तर १३. एक घर जरी सरकली, तरी बेरीज एकाच्या वर जात नाही. ताळेबंद जुळल्याचा इतका खणखणीत पुरावा माझ्या उभ्या नोकरीत मला मिळालेला नाही.

या माळेत बातमी काडीचीही नसते. ऐकणाऱ्याला जुळवून घेता यावं, एवढंच तिचं काम.

ऐकलं आणि मला आई आठवली. फोनवर तिचं पहिलं वाक्य, "जेवलास का रे?" दुपारी चारलाही हेच. मग पोरं शाळेतून आली का, मग पाऊस. शेजारच्या काउंटरवाल्याला वाटतं, यात बोलण्यासारखं काय आहे? पण ते वाक्य मला पाठ आहे ना! गेल्या श्रावणात "जेवलास का" एक घर सरकून आलं. जरासंच सावकाश. पुढे "सगळं ठीक आहे" वगैरे बातम्या व्यवस्थित आल्या, पण माझी बेरीज काही १३ होईना. संध्याकाळच्या एसटीनं गेलो. तीन दिवसांचा ताप अंगावर घेऊन बाई पापड वाळवत बसली होती.

हे भाच्याला सांगितलं, तर म्हणाला, "मामा, अजून एक आहे. टॉवरपासून लांब असलेल्या मोबाइलला टॉवर सांगतो, तू जरा आधी बोल, म्हणजे वेळेवर पोचशील. जीएसएममध्ये साडेपाचशे मीटरची एक पायरी, अशी ३५ किलोमीटरपर्यंत सोय."

सातारा ते सांगली अंतर सव्वाशे किलोमीटरच्या घरात. एवढ्या पायऱ्या कुणाकडेच नाहीत. तेव्हा दुसऱ्या शनिवारी बँकेला सुटी असते, आणि साताऱ्याच्या स्टँडवर मी पहाटेच्या एसटीला उभा असतो. लांबच्यानं आधी निघायचं.