माइक बंद ठेवून खेळणाऱ्या मुली

"गेममध्ये मुलींना कोणी अडवलंय? मोबाइल घ्या, गेम टाका, खेळा." गेमिंगमधल्या स्त्रियांच्या अनुभवाचा विषय काढला की आपल्याच चळवळीतली पोरं मला हे ऐकवतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

मी सहा वर्षांपासून चारजणांच्या टीमचा नेमबाजीचा गेम खेळते, बहुतेक वेळा माइक बंद ठेवून. माइक चालू केला की पहिला प्रश्न येतो, "मुलगी आहेस का?" मग नंबर मागतात. नाही दिला की शिव्या. नाव सांगितलं की पुढचा प्रश्न, "आडनाव काय?" ते कळलं की शिवीला जात जोडली जाते. माझा भाऊ खेळतो तेव्हा पहिला प्रश्न त्याच्या वाट्याला येत नाही, दुसरा मात्र त्यालाही चुकत नाही. मला दोन्ही नाकी ओलांडावी लागतात.

बरं, न बोलता हा खेळ जिंकता येत नाही. शत्रू कुठून येतोय ते सोबत्यांना सांगावं लागतं. मी गप्प, म्हणून टीम हरते. आणि वर निष्कर्ष काय, तर मुलींना खेळता येत नाही!

हे क्षेत्र पुरुषांनीच उभं केलं, असंही सांगितलं जातं. साफ खोटं. अमेरिकेत 1980 साली 'मिस्ट्री हाउस' रचला तो रोबर्टा विल्यम्स यांनी, पती केन यांच्यासोबत. 1982 चा गाजलेला 'रिव्हर रेड' कॅरल शॉ यांनी लिहिला. पडद्यावर मात्र 'डाँकी काँग' (1981) आणि 'सुपर मारिओ ब्रदर्स' (1985) यांत बाई म्हणजे पळवून नेलेली आणि नायकाने सोडवून आणायची वस्तू!

या साच्यावर व्हिडिओ मालिका करण्यासाठी अनिता सार्किशियन यांनी 2012 साली लोकवर्गणी मागितली. मालिका निघण्याआधीच त्यांना बलात्काराच्या आणि खुनाच्या धमक्या आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर ठोसे मारण्याचा गेमही कोणीतरी बनवला. 2014 मध्ये 'गेमरगेट'चा हैदोस चालू असताना युटा स्टेट विद्यापीठातल्या त्यांच्या भाषणाआधी हत्याकांडाची धमकी आली. तिथल्या कायद्यामुळे परवानाधारकाला बंदूक घेऊन सभागृहात येण्यापासून अडवता येत नव्हतं. शेवटी त्यांनी भाषण रद्द केलं.

बाईने गेमवर बोलू नये, असा कायदा कुठे होता? कुठेच नव्हता. भीती पुरेशी होती.

आपल्याला हे नवं आहे का? चवदार तळं खुलं करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने 1927 च्या सत्याग्रहाआधीच केला होता. कागदावर तळं खुलं होतं, पण पाण्याला हात लावायची सोय नव्हती. बाबासाहेब हजारोंसह पाणी प्यायले, तेव्हा मागे राहिलेल्या आपल्या माणसांना मारहाण झाली. हा इतिहास सांगणाऱ्याने "गेम सगळ्यांना खुला आहे" म्हणावं? "त्रास होतो तर दुसरा गेम खेळ" म्हणणं आणि "दुसऱ्या पाणवठ्यावर जा" म्हणणं, यात फरक काय?

टीममध्ये चौघं असतात. एक शिव्या देतो, एक मुलगी ऐकते आणि दोघं गप्प बसतात. माझं भांडण त्या दोघांशी आहे, कारण त्यातला एक कधीकधी आपला असतो. भावांनो, तुमचा माइक चालू आहे ना? मग तिथल्या तिथे बोला. शिव्या देणाऱ्याची तक्रार नोंदवा, त्याच्यासोबत पुन्हा खेळू नका. समतेची भाषा मोर्चात येते, तशी गेममध्येही यायला हवी.

जयभीम!