पांदणीची वाट

नेरला समुद्र नाही, डोंगरही अंगावर येत नाहीत. म्हणूनच इथलं चालणं सोपं. अमरावती-यवतमाळ रस्ता सोडून पांदणीत शिरलं की दोन्हीकडे वावरं. डिसेंबरातली सकाळ मला सगळ्यांत आवडते. पऱ्हाटी फुटलेली, मधल्या तासांत पिवळ्या फुलांची तूर, आणि सोयाबीन निघालेल्या वावरात हरभरा. वेचणीला निघालेल्या बाया विचारतात, "कुठं चालले जी भाऊ?" नुसतं फिरायला, हे उत्तर त्यांना पटत नाही, तरी हसतात.

पायाखाली काळी माती. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट झिजून ती झाली. पावसाळ्यात ती फुगते, चप्पल सोडत नाही. उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते. म्हणून चालायचे महिने कार्तिक ते फाल्गुन. शेवटी पळस फुलतो, तेव्हा तर घरी बसवत नाही.

आता पांदणींवर खडी-मुरूम पडतोय. तो हवाच; कापसाची बंडी चिखलात रुतलेली मी पाहिली आहे. फक्त धुऱ्यावरच्या बोरी-बाभळी तोडू नयेत. वेचणाऱ्या बायांना दुपारी भाकर सोडायला वावरात दुसरी सावली नसते.