भाचीचा स्वतंत्र प्रकल्प

अनुवादकाच्या टेबलावर नवे शब्द रोजच येतात. पण ‘परस्परसंवादी वेब-कला’ हा शब्द माझ्याकडे कचेरीतून आला नाही, घरातूनच आला. माझी भाची कलाशाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि दिल्लीत माझ्याकडे राहते. चित्र भिंतीवर टांगावयाचे नाही, संगणकाच्या वा मोबाईलच्या पडद्यावर उघडावयाचे, आणि पाहणाऱ्याने बोट लावल्यावाचून ते पुरे होत नाही, असा हा कलाप्रकार. शेवटचे आठ आठवडे प्रत्येकाने स्वतंत्र प्रकल्प करावयाचा असतो. शिक्षक विषय देत नाहीत. केवळ योजना मागतात.

वर्गात नमुना म्हणून ओल्या लियालिना या रशियन कलावतीची १९९६ सालची एक कृती दाखवली होती. युद्धावरून परतलेला प्रियकर आणि त्याची प्रेयसी यांचे तुटक संभाषण एवढाच तिचा विषय. काळ्या पार्श्वभूमीवर करडी चित्रे व मोजके शब्द. त्यांवर टिचकी मारली की चौकट दुभंगते, मग त्या तुकड्यांचेही तुकडे होतात, आणि अखेर रिकाम्या काळ्या चौकटी उरतात. दोघांमधला दुरावा पाहणाऱ्याच्याच बोटाने वाढत जातो! साधन म्हणाल तर पानाच्या चौकटी पाडण्याची त्या काळची साधी सोय. ती आज जुनी ठरली असली तरी ब्राउझर ती अजून ओळखतात, म्हणून कृती उघडते. उलट ‘फ्लॅश’ या लाडक्या साधनात रचलेल्या कृती पाहा. ॲडोबी कंपनीने २०२० च्या अखेरीस त्याचा आधार काढून घेतला आणि ब्राउझरमध्ये त्या उघडेनाशा झाल्या. तेव्हा साधन कोणते, हे योजनेतच ठरावे लागते.

माझ्या आजीने कुडाळहून माझ्या आईला नागपूरला लिहिलेली चोवीस पोस्टकार्डे आहेत. घरातल्या सर्वांसाठी आईने त्यांची छायाचित्रे मोबाईलवर पाठवली होती. भाचीची कल्पना अशी की, कार्डावर बोट ठेवले की अक्षरे दिसावीत, पण शाई फिकी होत जावी. ऐकून मी क्षणभर गप्पच झाले. ती लगेच प्रोग्राम लिहावयास बसणार होती; परंतु शिक्षकांचा नियम असा की, आधी सारे कागदावर करून पाहावयाचे.

रविवारी तिने चटईवर छापील प्रती मांडल्या. मी प्रेक्षक, ती संगणक. मी बोट ठेवी, ती कार्डावर ट्रेसिंग पेपरचा एकेक तुकडा चढवी. तिसऱ्या तुकड्यालाच मी बोट उचलून घेतले.

“मावशी, तू वाचत नाहीस, कार्ड वाचवते आहेस!” ती म्हणाली, आणि वहीत काहीतरी लिहू लागली. प्रकल्पाचा खरा विषय तिला तेथे सापडला, असे मला वाटते.

मग प्रश्न आला : शाई फिकी व्हावयाची ती सर्वांसाठी, की ज्याच्या त्याच्यापुरती? सर्वांसाठी म्हटले तर प्रत्येक स्पर्शाची नोंद दूरच्या सर्व्हरवर ठेवावी लागणार. वर्ग संपल्यावर त्याचे भाडे कोणी भरावयाचे? तिने तो हट्ट सोडला, थोड्या नाराजीनेच. नोंद आता वाचणाऱ्याच्याच ब्राउझरमध्ये राहील. पहिल्या तीन आठवड्यांत एकच कार्ड पूर्ण करावयाचे, सातव्यात अनोळखी माणसांकडून पारखून घ्यावयाचे, आठव्यात नवे काही जोडावयाचे नाही.

उरली ती परवानगी. आईला फोन केला.

“माझ्या आईने ती मला लिहिली होती गं, जगाला नाही,” ती नातीला म्हणाली, आणि विषय बदलला.

बारा दिवसांनी तिचे पाकीट आले. आत नऊ कार्डांची यादी होती. त्यांतल्या एकातील दोन ओळी झाकाव्यात, अशी सूचना होती. बाकीच्यांविषयी लिहिले होते, ‘पुन्हा एकदा वाचून मग सांगते.’ भाचीने योजनेत चोवीस खोडून नऊ केले आणि कागद शिक्षकांकडे दिला.