डूख

यंदाच्या श्रावणात आमच्या घरी एक पाहुणी येऊन गेली. चांगली चार हात लांब धामण. पुसदसारख्या गावात, त्यातून आमच्यासारख्या नदीकडच्या वस्तीत, असे पाहुणे अधूनमधून यायचेच. सौ. ने आरोळी ठोकली, चिरंजीव खुर्चीवर चढले, आणि मी, मराठीचा प्राध्यापक, हातात केरसुणी घेऊन उभा राहिलो. त्या केरसुणीने मी काय करणार होतो ते मला आजही सांगता येणार नाही. गल्लीतला साप पकडणारा मुलगा यायला वीस मिनिटे लागली आणि तेवढा वेळ मी नुसता तिच्याकडे पाहत राहिलो.

ती भिंतीच्या कडेकडेने चालली होती. वीतभर सरकायची, थांबायची, जीभ बाहेर काढायची. जिभेची दोन टोके एकमेकांपासून दूर होत, फरशीला टेकत, आणि जीभ आत जाई. पुन्हा वीतभर. मोरीपासून कोठीच्या खोलीपर्यंत आमच्या घरातला उंदीर रोज रात्री ज्या वाटेने जातो, तीच ही वाट! उंदीर जिथे वळतो तिथे तीही वळली. जणू कोणी खडूने रेघ ओढून ठेवली होती आणि ती फक्त तिलाच दिसत होती.

मुलाने तिला अलगद पिशवीत घातले आणि जाता जाता मला म्हणाला, "सर, उंदीर कमी करा. तिचं तुमच्याकडे काही काम नव्हतं."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिले. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांना गाठले. अशा वेळी या मंडळींना फार हुरूप येतो. चहा निवाला तरी ते बोलत होते. सापाची जीभ, ते म्हणाले, ही वेचणी करणारी मजूरीण समजा. वावरातल्या बाया कापूस वेचून ओटीत भरतात, तशी ती हवेतले आणि जमिनीवरचे गंधाचे कण वेचते आणि तोंडात नेते. तिथे टाळूच्या वर दोन इवल्या पिशव्या असतात. लुडविग जेकबसन या डॅनिश वैद्याच्या नावाने हे इंद्रिय ओळखले जाते. वासाची खरी पारख तिथे होते.

"पण टोके दोन कशाला?" मी विचारले.

"तुम्हाला कान दोन कशाला?" ते म्हणाले. डाव्या टोकाला गंध अधिक लागला तर डावीकडे वळायचे, उजव्याला लागला तर उजवीकडे, दोन्हींना सारखा असला तर नाकासमोर. कर्ट श्वेंक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९४ साली हे सविस्तर मांडले. घोणशीच्या कुळातले कित्येक साप तर उंदराला दंश करून सोडून देतात आणि मग तो जिथे जाऊन पडला असेल तिथवर जिभेने माग काढत सावकाश जातात. सापाला बाहेरचा कान नाही हे खरे, पण आतला आहे. जबड्याच्या हाडातून जमिनीची थरथर त्याला पोचते आणि हवेतले खालच्या पट्टीचे आवाजही कळतात, असे अलीकडे दिसून आले आहे. सह्याद्रीतला हिरवा चापडा याहून पुढचा. त्याच्या डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक खाच असते आणि काळोखातही तिला उंदराच्या अंगची ऊब जाणवते. अजगराच्या ओठांवरही अशा खाचा असतात. नाग, घोणस, मण्यार, धामण यांना मात्र ही सोय नाही.

मी भाषेचा माणूस. मला आपले शब्द आठवत होते. सापाला संस्कृतात 'चक्षुःश्रवा' म्हटले आहे, डोळ्यांनी ऐकणारा. 'द्विजिह्व' म्हटले, आणि लगोलग तोच शब्द चहाडखोरालाही लावून टाकला! पण 'पवनाशन', वारा खाऊन राहणारा, हा शब्द वर्गात सांगताना मी आजवर हसत आलो होतो. ज्या कोणी तो प्रथम उच्चारला त्याने साप माझ्याहून नीट पाहिला होता. अमृताच्या लोभाने सापांनी दर्भ चाटले आणि त्यांच्या जिभा चिरल्या, ही महाभारतातली कथाही त्या जिभेकडे पाहत बसलेल्या माणसालाच सुचली असणार.

आणि मराठीत एक शब्द आहे, डूख. सापाने डूख धरला, म्हणतात. या शब्दाशी आमच्या घराचा जुना संबंध आहे.

१९८७ साली मी आठ वर्षांचा होतो. आमचे वावर पुसदपासून कोसभर. तिथे आमचे एक सालदार होते, त्यांना मी काका म्हणत असे. पावसाळ्यात गोठ्यामागे एक साप निघाला. बाबांनी मारायला सांगितले, काकांनी मारला. काठीवर लोंबकळणारा तो लांबलचक, पिवळट तपकिरी साप मला स्पष्ट आठवतो. दोन दिवसांनी, ज्वारीची पोती ठेवलेल्या खोलीत राखणीला जमिनीवर झोपलेल्या काकांना पहाटे पोटात कळ आली. मग पापण्या उघडेनात. बंडी जुंपून गावात आणेपर्यंत फार उशीर झाला होता. पोत्यांमागे मण्यार सापडली, काळीभोर, अंगावर पांढरे बारीक पट्टे.

जोडीदार मारला म्हणून तिने डूख धरला, असे सगळे म्हणाले. बाबाही म्हणाले. आमच्या घरात गेली अडतीस-एकोणचाळीस वर्षे ती गोष्ट अशीच सांगितली जाते.

यंदा ती धामण भिंतीकडेने चालताना पाहिली आणि मला तो काठीवरचा साप ओळखू आला. ती धामणच होती. धामण आणि मण्यार यांची जात वेगळी, त्यांचा जोडा कसला! मण्यार आली ती पोत्यांतल्या उंदरांच्या वाटेने, किंवा उंदरांमागे आलेल्या दुसऱ्या एखाद्या सापाच्या वाटेने, कारण ती सापही खाते. झोपेत काकांचा हात तिच्यावर पडला असेल. उंदीर खाणारी धामण तर आम्ही दोनच दिवसांपूर्वी मारून बसलो होतो.

बाबा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. संध्याकाळी ओसरीत बाजेवर पडल्या पडल्या त्यांनी धामणीची हकीकत विचारली. मी जिभेचे सगळे सांगितले. पुढचे सांगावे की नाही, याचा विचार करत थांबलो. त्यांनीच विचारले, "म्हणजे ती मण्यार त्याच्या मागावर नव्हती आली?"

"नाही बाबा. साप कोणाची ओळख ठेवत नाही. उंदरांसाठी आली असेल."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आत सौ. ने दिवा लावला.

"माडीवर एक बाज रिकामी होती रे," ते म्हणाले. "तुझी आई म्हणाली होती, त्याला दे. मी म्हटलं, पावसानं भिजेल, सुंभ कुजेल."

मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने त्यांनी कूस बदलली.

"त्याचा पोरगा तुझ्या वर्गात होता ना? त्याचा पत्ता आहे का तुझ्याकडे?"

"काढतो," मी म्हणालो.